किल्ली कोण देतं?

"चोर बुटका आहे," किल्लीबाई म्हणाली.

कुलूपवाला गुडघे टेकून दाराच्या कडेला भोक पाडत होता. त्याने ड्रिल थांबवले आणि मान वर केली. "तुम्ही बघितलात त्याला?"

"बघितला असता तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? धरूनच ठेवला नसता का!"

"मग बुटका कशावरून?"

किल्लीबाईने आतल्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे एक लाकडी स्टूल होते, वापरून वापरून मधोमध गुळगुळीत झालेले. "ते स्टूल कायम त्या कोपऱ्यात असतं. मला नाही लागत ते. माझा हात माळ्यापर्यंत सहज पोचतो. पण मी बाहेरून आले की ते सरकलेलं असतं. कधी चार बोटं, कधी वीतभर. म्हणजे कोणीतरी ते भिंतीपाशी नेतं, वर चढतं आणि काम झालं की परत ठेवतं. पण ठेवताना चुकतं. आता तुम्हीच सांगा, उंच माणूस स्टुलावर कशाला चढेल?"

"आणि गेलं काय काय?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"तीच तर भीती आहे. साधा चोर येतो, उचलतो, पळतो. हा घर शिकतोय."

कुलूपवाल्याने गंभीरपणे मान हलवली. गिऱ्हाइकाच्या भीतीला कधी हसायचे नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम होता. त्याने पुन्हा ड्रिल सुरू केले आणि लाकडाचा भुसा उंबऱ्यावर पडू लागला.

किल्लीबाई हे काही तिचे आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. ते तिला हॉस्पिटलने दिले. हॉस्पिटलच्या कपड्यांच्या स्टोअरवर तिने उभी नोकरी काढली. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, डॉक्टरांचे डगले, सगळे तिच्या हातून जायचे आणि तिच्याच हाती परत यायचे. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा असे. तो वाजला की जिन्यात गप्पा मारणारे वॉर्डबॉय आपोआप कामाला लागत. एकदा एका वॉर्डबॉयने शर्टाखाली चादर गुंडाळली आणि तो फाटकाकडे निघाला. किल्लीबाईने त्याला नुसते विचारले, "काय रे, सकाळी काडीसारखा होतास, दुपारपर्यंत बाळसं धरलंस?" बिचाऱ्याने तिथेच चादर सोडून दिली. पुढे कित्येक वर्षे हॉस्पिटलात कोणी जाड झाले की लोक म्हणत, "चादर काढ रे बाबा."

माणसावर विश्वास ठेवावा, पण मोजून ठेवावा, असे ती म्हणायची. घडी बघून तिला कळे की चादर कोणाच्या हातची आहे. जिथे हात फिरतो तिथे खूण राहते, हे तिला नोकरीने शिकवले होते. आणि आता नोकरी संपली, नवरा गेला, मुलगा दूरच्या शहरात राहायला गेला, तेव्हा ती खूण तिच्या स्वतःच्या घरात दिसू लागली.

स्टूल ही त्यातली एकच खूण होती. बाकीच्या तिने कुलूपवाल्याला सांगितल्या नाहीत. गॅसची ओट्याखालची मोठी चावी बंद केलेली सापडे. ती स्वतः तर ती कधीच बंद करत नसे. न्हाणीघरातला नळ असा घट्ट पिळलेला असे की तिला तो दोन्ही हातांनी उघडावा लागे. आणि एकदा, फिरून आल्यावर, दुधाचे पातेले फ्रीजमध्ये, वर झाकण ठेवलेले. आता चोराने दूध फ्रीजमध्ये ठेवले, हे कोणाला सांगायचे? आणि सांगितले तर समोरचा कोणाकडे संशयाने बघेल, चोराकडे की सांगणारीकडे?

म्हणून ती फक्त स्टुलाचे सांगत असे.

तशात मागच्या गल्लीत खरीच चोरी झाली. शिंपी बायकामुलांना घेऊन लग्नाला गेला होता. कोणीतरी कडी-कोयंडा उचकटून त्याच्या घरातले होते नव्हते ते नेले, भिंतीवरचा आरसासुद्धा. सगळ्या वस्तीची झोप उडाली. जो तो कुलपांच्या गोष्टी करू लागला. बातमी मुलाच्या कानावर गेली आणि त्याचा फोन आला.

"आई, सरळ इकडे ये. नववा मजला आहे, खाली पहारेकरी आहे, पाखरूसुद्धा विचारून आत येतं."

"आणि मी काय करू तिथे? खिडकीत बसून पहारेकऱ्यावर पहारा करू?"

"मग निदान चांगलं कुलूप तरी बसव. आणि हे बघ, आता काहीही झालं ना, एक भांडं जरी इकडचं तिकडे झालं, तर मी तुझं काही ऐकणार नाही. येईन आणि घेऊनच जाईन. ते घर बंद."

ते घर बंद. हे तीन शब्द तिच्या कानात अडकून बसले. या घरात ती नवी सून म्हणून आली होती. याच घराच्या दारातून नवऱ्याला उचलून नेले होते. एक भांडे इकडचे तिकडे झाले तर, असे मुलगा म्हणाला होता. आणि भांडी तर रोजच इकडची तिकडे होत होती. चोर असला तर त्याला कुलूप लावता येते. दुसरे काही असले तर त्याला कुठले कुलूप लावायचे, हा विचार मनात आला की किल्लीबाई उठून स्वयंपाकघरातले डबे पुसायला घेई. चोरच असलेला बरा, असे तिचे ठरले होते.

"हे बघा," कुलूपवाला म्हणाला. त्याने नवे कुलूप तळहातावर धरले होते. "याच्या पोटात बारीक बारीक पिना असतात. प्रत्येकीची उंची वेगळी. चुकीची किल्ली आत घातली की कोणी वर, कोणी खाली, शाळा सुटल्यासारखा गोंधळ. बरोबर किल्ली आली की सगळ्या मुकाट एका ओळीत उभ्या राहतात. मगच कुलूप फिरतं. म्हणजे काय, तर कुलूप आपल्या किल्लीला ओळखतं."

"आणि उचकटलं तर?"

"त्यासाठी चौकटीत ही पट्टी बसवतो. हे लांब स्क्रू बघितलेत? लोक हजार रुपयांचं कुलूप घेतात आणि नखाएवढ्या स्क्रूवर टांगतात. चोर कुलपाला हातच लावत नाही, चौकटीला लाथ मारतो. कुलपाची जीभ जितकी खोल जाईल तितकी चांगली. बरं, हे दारातलं भिंग कोणाच्या उंचीला बसवू?"

"माझ्या. दुसरं कोण आहे इथे?"

तेवढ्यात शेजारचे दार वाजले.

घर दोघा भावांचे होते. वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातली गेली. व्हरांडा तेवढा एक राहिला, आणि त्यात शेजारी शेजारी दोन दारे. पलीकडच्या दारामागे किल्लीबाईची धाकटी जाऊ राहत असे. तिचाही नवरा आता नव्हता. धाकटी ठेंगणी, गोल, पायात चाके असल्यासारखी चालणारी. आता ती हात पुसत व्हरांड्यात आली आणि दाराला पडलेल्या भोकाकडे बघत राहिली.

"अगंबाई! एवढं मोठं भोक?"

"चोरासाठी आहे," किल्लीबाई म्हणाली.

"जुनं कुलूप काय वाईट होतं, जाऊबाई?"

"जुनं सगळ्यांना ओळखत होतं."

धाकटीने पायाने भुसा एका बाजूला केला. मग सहज विचारल्यासारखे विचारले, "किती किल्ल्या येतात हो याच्याबरोबर?"

किल्लीबाईच्या मनात घंटा वाजली. ज्याला किल्ली नको असते तो किल्ल्या कशाला मोजेल? "जितक्या येतात तितक्या माझ्याकडे राहतात," ती म्हणाली.

कुलूपवाल्याने किल्ल्यांचे बंद पाकीट पुढे केले. "बघून घ्या बाई, फोडलेलं नाहीये. माझ्यासमोरच फोडा. हिची नक्कल बाजारात कोणी करून देणार नाही."

धाकटीने पाकिटाकडे एकदा बघितले आणि ती आत गेली. तिचे दार अगदी हळू लागले.

किल्लीबाईचा संशय काही आजचा नव्हता. तिचा धाकटा दीर जिवंत असताना जुन्या कुलपाची एक किल्ली त्याच्याकडे असे, अडीअडचणीला. महिन्याभरापूर्वी तिने धाकटीला विचारले होते, "भावोजींकडची आमची किल्ली कुठे आहे गं?" आणि धाकटी डोळ्याला डोळा भिडवून, क्षणाचाही विचार न करता म्हणाली होती, "ती होय? ती हरवली हो केव्हाच." खरी हरवलेली वस्तू माणूस आधी थोडी शोधतो; निदान छताकडे बघतो. धाकटीने छताकडे बघितले नव्हते.

आणि तिला या घरात हवे तरी काय असेल, हेही किल्लीबाईला ठाऊक होते. घड्याळ. माळ्याखालच्या भिंतीवर टांगलेले सासऱ्यांचे ठोक्यांचे घड्याळ. वाटणीत ते थोरलीकडे आले म्हणून धाकटीने तीन महिने अबोला धरला होता. बोलू लागली ती पहिल्या वाक्यालाच म्हणाली, "ठोके भिंतीतून ऐकू येतात, तेवढे तरी फुकट आहेत." दर रविवारी सकाळी किल्लीबाई त्या घड्याळाला किल्ली देई. काच उघडायची, आतल्या खिळ्यावरची पितळी किल्ली काढायची, हात जड होईपर्यंत फिरवायची. आठवडाभराची निश्चिंती. नवरा होता तेव्हा तो देई, तो गेल्यापासून ती. त्यात कधी खंड पडला नव्हता. पडला असता तर घड्याळ बंद नसते का पडले?

कुलूपवाला सामान आवरून गेला. किल्लीबाईने दार लावले, उघडले, पुन्हा लावले. कुलपाची जीभ चौकटीत खोल शिरताना ठसठशीत आवाज करी. तो ऐकून तिला कित्येक महिन्यांनी बरे वाटले.

आणि कुलूपही नावाला जागले. त्या दिवसापासून स्टूल जागचे हलले नाही. गॅसची मोठी चावी तिने सोडली तशीच उघडी राहू लागली. एकदा फिरून आली तर न्हाणीघरातली बादली भरून वाहत होती आणि पाणी पार बैठकीपर्यंत आले होते. नळाचे वायसर गेले असणार, असे म्हणून तिने ते पुसून काढले. एकदा किटलीचे बूड काळे पडले. हल्ली भांडी हलक्या धातूची करतात. पण चोर मात्र आला नव्हता, यात शंका नाही. "बघ," तिने फोनवर मुलाला सांगितले, "कुलूप बसवल्यापासून घरात एक वस्तू हललेली नाही."

मग एका सकाळी तिला ओरखडे दिसले.

किल्लीच्या भोकाभोवती, नव्या चकचकीत पितळेवर, दोन-तीन बारीक रेघा. तिने चष्मा लावून बघितले, बोट फिरवून बघितले. तिची स्वतःची किल्ली सरळ आत जाई. या रेघा खाली उतरलेल्या होत्या. म्हणजे किल्ली खालून वर धरलेली. बुटका हात. चोर येऊन गेला होता. कुलपाने त्याला ओळखले नव्हते, एवढेच.

किल्लीबाई घाबरली नाही. उलट तिच्या अंगात जुना उत्साह संचारला. स्टोअरमधून चादरी जात तेव्हाही ती असेच करी. कुलूप वाढवून चोर पळतो, सापडत नाही. त्याला पकडायचे तर आपण नाही असे त्याला वाटले पाहिजे.

संध्याकाळी तिने चहासाठी दूध गॅसवर ठेवले आणि खिडकीतून व्हरांड्यात नजर टाकली. धाकटीच्या दाराची फट हलल्यासारखी वाटली. हीच वेळ! किल्लीबाई तशीच बाहेर आली. "चला, फिरून येते!" ती मोठ्याने म्हणाली, कोणालाच नाही. दार ओढले, किल्ली फिरवली, चपला फटाफट वाजवत फाटकापर्यंत गेली. फाटक करकरवले, आपटले. मग चपला हातात घेतल्या आणि या वयाला न शोभणाऱ्या चालीने, भिंतीच्या कडेकडेने, ती परत आपल्या दाराशी आली. नवे कुलूप आवाज न करता उघडले. चांगल्या कुलपाचा हाही एक गुण: मालकाला ते चोरासारखे आत येऊ देते.

आत येऊन तिने दार लावून घेतले, खुर्ची दारामागे ओढली आणि मांडीवर छत्री आडवी धरून ती बसून राहिली.

घर शांत होते. इतके शांत की तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. एवढी शांतता पूर्वी कधी होती? तिला वाटले, हे कुलपाचेच काम. जाड दार झाले की बाहेरचा आवाज आत येत नाही. थोड्या वेळाने कुठूनतरी जळका वास येऊ लागला. शेजारी काहीतरी करपत होते. "कधी म्हणून धड लक्ष नाही बयेचं," ती मनात म्हणाली आणि छत्री घट्ट धरून बसली.

व्हरांड्यात पावले वाजली. घाईची, आखूड. ती दारापाशी येऊन थांबली.

आणि कुलपात किल्ली शिरली. खरखर. बाहेर काढली. पुन्हा शिरली. पिना ओळीत उभ्या राहत नव्हत्या.

किल्लीबाई उठली. भिंगाला डोळा लावला. बाहेर चेहरा नव्हता. भिंगाच्या तळाशी पांढऱ्या केसांचा एक भांग तेवढा दिसत होता, वरखाली होणारा.

तिने खाडकन दार उघडले. "सापडलीस!"

दारात धाकटी उभी होती, हातात लाल दोऱ्यात ओवलेली जुनी किल्ली. तिने थोरल्या जावेकडे बघितले. ती घरातच आहे हे बघून तिचा आ वासला. पण ती थांबली नाही. किल्लीबाईच्या दारावर टेकलेल्या हाताखालून ती वाकून आत घुसली आणि सरळ स्वयंपाकघराकडे पळाली.

"अगं! पकडली तर आतच पळतेस?" किल्लीबाई छत्री उगारून मागे धावली आणि उंबऱ्यात थबकली. स्वयंपाकघरात धूर भरला होता. गॅसवर पातेले काळेठिक्कर पडून तडतडत होते आणि शेजारच्या फडक्याची कड धुमसत होती.

धाकटीला काहीही शोधावे लागले नाही. तिने गॅस बंद केला. वाकून ओट्याखालची मोठी चावी फिरवली. खिडकी उघडली, दाराच्या मागचे फडके घेऊन ओले केले, पातेले उचलून मोरीत टाकले. पातेले फुत्कारले. हे सगळे तिने अशा सरावाने केले की जणू ते तिचेच स्वयंपाकघर होते.

"बाजूला व्हा, पायावर पाणी उडेल," ती खोकत म्हणाली.

किल्लीबाई बाजूला झाली. हातातली छत्री तिने खाली घेतली.

"किल्ली हरवली म्हणाली होतीस."

"सापडली नंतर."

"कधी?"

धाकटी मोरीकडे तोंड करून उभी होती. "हरवलीच नव्हती," ती म्हणाली.

"मग माझ्या घरात रोज..."

"रोज नाही हो. वास आला तर, नळाचा आवाज आला तर. तुम्ही फिरायला गेलात की एक चक्कर."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू?" धाकटी वळली. धुराने तिचे डोळे लाल झाले होते. "जाऊबाई, तुमचं दूध उतू गेलं, असं सांगू? तुम्ही ऐकून घेतलं असतं? हॉस्पिटलभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला असतात, माझं दूध मी बघेन. आणि तुमच्या लेकाच्या कानावर गेलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर. मग मी काय करू इथे? भांडू कोणाशी, भिंतीशी?"

"भिंतीशीच भांडतेस की इतकी वर्षं," किल्लीबाई म्हणाली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. "आणि एखाद्या वेळी होतं असं. माणूस विसरतं."

"विसरतंच की. मी काल मीठ समजून आमटीत साखर घातली."

"ते तू आधीपासूनच करतेस."

दोघी बैठकीत आल्या. धूर खिडकीतून हळूहळू बाहेर चालला होता. किल्लीबाईला काहीतरी दुसरे बोलायला हवे होते, कुठलेही. "किती वाजले?" तिने विचारले आणि घड्याळाकडे मान केली. घड्याळात सव्वादहा झाले होते. बाहेर तर संध्याकाळचे ऊन भिंतीवरून खाली उतरत होते.

लंबक सरळ, निश्चल लोंबत होता.

"बंद पडलं," किल्लीबाई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "रविवारी मी किल्ली दिली होती."

धाकटी कोपऱ्यात गेली, स्टूल उचलले, ते घड्याळाखाली आणून ठेवले, एक पाय वर टाकला, आणि त्याच क्षणी आपण काय करतो आहोत ते तिच्या ध्यानात आले. एक पाय स्टुलावर आणि एक जमिनीवर, एक हात भिंतीवर, अशी ती तिथेच थिजून उभी राहिली.

किल्लीबाई बघत होती. स्टुलाच्या मधोमध गुळगुळीत झालेली जागा बरोबर त्या पावलाएवढी होती. आणि तिला एकदम आठवले की हे स्टूल सासऱ्यांनी धाकटी या घरात नवी आली तेव्हा तिच्यासाठीच सुताराकडून करून घेतले होते. "धाकट्या सुनेचा हात घड्याळाला पोचला पाहिजे," असे ते म्हणाले होते. इतकी साधी गोष्ट, आणि ती कुठे गेली होती इतके दिवस?

"घड्याळाला किल्ली कोण देतं गं?" तिने विचारले.

धाकटीने तिच्या डोळ्याला डोळा भिडवला. "तुम्हीच देता की," ती म्हणाली, क्षणाचाही विचार न करता. "दर रविवारी. मला ऐकू येतं ना भिंतीतून."

ती छताकडे बघत नव्हती. किल्लीबाईने आयुष्यभर वॉर्डबॉयांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचे खोटे घडी उलगडून बघितले होते. हे तिने उलगडले नाही. होते तसेच, घडी न मोडता, आत ठेवून दिले.

"आता चढलीच आहेस तर दे," ती म्हणाली.

"काय?"

"किल्ली. घड्याळाला. आज माझा खांदा दुखतोय."

धाकटी वर चढली. काच उघडली, पितळी किल्ली घेतली. करकर, करकर. किल्लीबाईने स्टुलाला हात लावून ते धरून ठेवले होते. मग धाकटीने काटे फिरवून वेळ लावली, लंबकाला बोट लावले, आणि घरातली ती भयाण शांतता संपली.

खाली उतरल्यावर धाकटीने लाल दोऱ्यातली जुनी किल्ली टेबलावर ठेवली. "ही घ्या. लागत नाही हे माहीत होतं. तरी मागच्या आठवड्यात एकदा घालून बघितली, आणि आजही हात गेलाच." ती दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "पातेलं भिजत घाला. सकाळी घासायला घेईन मी."

"माझं पातेलं मी घासेन," किल्लीबाई म्हणाली.

"घासा," धाकटी म्हणाली आणि गेली.

रात्रीच्या जेवणाआधी मुलाचा फोन आला.

"सगळं ठीक ना, आई?"

"ठीक."

"आवाज बसल्यासारखा वाटतोय."

"धूळ गेली घशात."

"कुलूप?"

"उत्तम आहे. बुटक्या माणसाचं तर तोंडही दिसत नाही भिंगातून."

"कोणाला किल्ली दिली नाहीस ना? चांगलं कुलूप लावायचं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना किल्ल्या वाटायच्या, असं करतात लोक."

किल्लीबाईने घड्याळाकडे बघितले. "घड्याळाला दिली," ती म्हणाली.

मुलगा हसला. आईची थट्टा अजून शाबूत आहे, म्हणजे आई शाबूत आहे, असे समजून त्याने फोन ठेवला.

रविवार आला. संध्याकाळी किल्लीबाईने नव्या किल्ल्यांचे पाकीट काढले आणि त्यातली एक बाजूला केली. टेबलावरच्या लाल दोऱ्यातून जुनी किल्ली काढली. गाठ घट्ट होती, वेळ लागला. त्याच दोऱ्यात तिने नवी किल्ली ओवली. बाहेर येऊन दार लावले. मग शेजारच्या दाराच्या कडीला तो दोरा अडकवला. दार वाजवले नाही. "चला, फिरून येते," ती मोठ्याने म्हणाली आणि चपला वाजवत फाटकाबाहेर पडली.

नेहमीपेक्षा जरा लांबचा फेरा मारूनच ती परत आली. घड्याळ चालू होते. गॅसची मोठी चावी बंद होती. न्हाणीघरातला नळ तिला दोन्ही हातांनी उघडावा लागला. स्टूल कोपऱ्यात होते, आपल्या जागेपासून चार बोटे सरकलेले.

तिने वाकून स्टूल सरळ केले. थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग ते उचलले, घड्याळाखाली नेऊन ठेवले आणि डुगडुगत तर नाही ना, म्हणून वर तळहात दाबून बघितले.